दोन किलोबाइटमध्ये बसणारा काउंटर : छोट्या बोर्डावरची मेमरी वाचवण्याची कृती

१९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपची वस्ती वाढत गेली. आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा कुठेही जा, पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर प्रेस चालू असतात आणि प्रत्येक शिफ्टच्या शेवटी सुपरवायझरला एकच आकडा हवा असतो : स्ट्रोक किती झाले? हा आकडा मोजणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी शहरातल्या पॉलिटेक्निकची मुलेही बनवतात. प्रॉक्सिमिटी सेन्सर, एटीमेगा ३२८पी चिप असलेला आर्डुइनो नॅनो, छोटा ओलेड डिस्प्ले, घड्याळाची चिप, एसडी कार्ड आणि पॅनेलकडे माहिती पाठवायला आरएस-४८५ वर मॉडबस.

टेबलावर ही पेटी छान चालते. शेडमध्ये लावली की मात्र दुपारी कधीतरी डिस्प्लेवर कचरा दिसतो, आकडा शून्यावर येतो किंवा बोर्ड आपणहून रीसेट होतो. दोष वायरिंगला दिला जातो, विजेला दिला जातो. ते तपासायलाच हवे, पण पुष्कळदा खरे कारण असते रॅम संपणे. यावर 'मोठी चिप घ्या' हे उत्तर सहज सुचते. पण बोर्ड आधीच लावलेले असतील, पीसीबी छापून आलेली असेल, तर चिप बदलणे म्हणजे सगळेच नव्याने करणे. शिवाय २०२१ च्या सुमारास जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा मोठी चिप पैसे देऊनही वेळेवर मिळत नव्हती. म्हणून हातात आहे त्या चिपमध्ये सॉफ्टवेअर नीट बसवता येणे, हे या धंद्यातले मूळ कसब आहे. त्याची ही क्रमवार कृती.

तयारी

चिपचे मोजमाप आधी कागदावर लिहा. एटीमेगा ३२८पीमध्ये फ्लॅश ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८ बाइट, रॅम २ किलोबाइट म्हणजे २,०४८ बाइट आणि ईईप्रॉम १ किलोबाइट. प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये राहतो, तो चालताना बदलणारी माहिती रॅममध्ये, आणि वीज गेल्यावरही टिकायला हवी ती ईईप्रॉममध्ये. या तिन्हींचे हिशेब वेगळे ठेवा. फ्लॅश भरली तर प्रोग्रॅम चिपमध्ये जाणारच नाही, म्हणजे चूक लगेच कळते. रॅम भरली तर प्रोग्रॅम चढतो, सुरूही होतो आणि मग केव्हातरी बिघडतो. म्हणून या कृतीत जास्त लक्ष रॅमकडे आहे.

हत्यारे लागतात ती सगळी फुकट आहेत : आर्डुइनोसोबत येणारा कंपायलर, त्याच्याबरोबरचे एव्हीआर-साइज आणि एव्हीआर-एनएम हे दोन छोटे प्रोग्रॅम, आणि एक वही. सुरुवात करण्यापूर्वी चालू कोडची एक प्रत बाजूला ठेवा.

पायरी १ : आधी मोजा

एव्हीआर-साइज चालवले की टेक्स्ट, डेटा आणि बीएसएस असे तीन आकडे मिळतात. टेक्स्ट अधिक डेटा म्हणजे फ्लॅशचा वापर. डेटा अधिक बीएसएस म्हणजे रॅमचा कायमचा वापर. डेटा दोन्हीकडे धरला जातो, कारण सुरुवातीची मूल्ये फ्लॅशमध्ये साठवलेली असतात आणि बोर्ड सुरू होताना ती रॅममध्ये उतरवली जातात.

रॅमचा जो भाग उरतो त्यात दोन वाटेकरी असतात. चालू फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवणारा स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून खाली सरकतो. ऐनवेळी मागितलेली जागा म्हणजे हीप खालून वर चढते. दोघांची गाठ पडली की एकाची माहिती दुसरा पुसतो. शेडमधल्या त्या कचऱ्याचे मूळ बहुधा इथे असते.

मग एव्हीआर-एनएमला आकारानुसार यादी लावायला सांगा. कोणते चल किती बाइट खाते ते एकाखाली एक दिसते. सगळ्यात मोठी दहा नावे वहीत उतरवा. पुढचे सगळे काम या दहा नावांवर करायचे आहे. कोडमधल्या बारीकसारीक चलांवर वेळ घालवू नका.

पायरी २ : न दिसणारी जागा हिशेबात धरा

आर्डुइनोचा अहवाल सगळे सांगत नाही. अ‍ॅडाफ्रूटची ओलेडची लायब्ररी स्क्रीनचे पूर्ण चित्र रॅममध्ये ठेवते आणि ती जागा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर हीपमधून मागते. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा डिस्प्ले, आठ ठिपक्यांना एक बाइट, म्हणजे १,०२४ बाइट. अर्धी रॅम! पण कंपायलरच्या अहवालात ती येत नाही, त्यामुळे 'अजून पुष्कळ जागा आहे' असे वाटत राहते. जागा मिळाली नाही तर लायब्ररीचे सुरुवातीचे फंक्शन 'नाही' असे उत्तर देते. ते उत्तर तपासायचे राहून जाते आणि डिस्प्ले खराब समजून बदलला जातो.

आता आपल्या काउंटरमधल्या मोठ्या खर्चांची बेरीज करू :

डिस्प्लेचे चित्र – १,०२४ बाइट
एसडी कार्डचा एक सेक्टर – ५१२ बाइट
सिरियल पोर्टचे येणारे-जाणारे दोन बफर, ६४ प्रत्येकी – १२८ बाइट
आय-टू-सीच्या वायर लायब्ररीचे पाच बफर, ३२ प्रत्येकी – १६० बाइट
एकूण – १,८२४ बाइट

२,०४८ मधून हे वजा केले की २२४ बाइट उरतात. मोजणी, संदेश, मॉडबस, स्टॅक, इंटरप्ट हे सगळे त्या २२४ मध्ये मावायला हवे. ते मावत नाही. एवढी बेरीज केली तरी निम्मा रोग समजतो.

पायरी ३ : कामाची गरज विचारा

कोडला हात लावण्याआधी वर्कशॉपच्या मालकाला किंवा सुपरवायझरला विचारा : तुम्हाला नेमकी कोणती माहिती, किती दिवसांची हवी आहे? उत्तर बहुधा असे असते : प्रत्येक शिफ्टचा आकडा, महिनाभराचा. म्हणजे प्रत्येक स्ट्रोकची नोंद करणारी फाइल नकोच आहे. एसडी कार्ड, त्याची लायब्ररी आणि ५१२ बाइट तिघांनाही रजा देता येते.

एका नोंदीला तारीख व शिफ्टसाठी ४ बाइट आणि आकड्यासाठी ४, असे ८ बाइट पुरतात. चिपमधल्याच १,०२४ बाइटच्या ईईप्रॉममध्ये अशा १२८ नोंदी बसतात. चार नोंदींची जागा वीज जातानाच्या आकड्यासाठी राखली तरी १२४ उरतात. तीन शिफ्टच्या हिशेबाने ४१ दिवस. जागा संपली की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी लिहायची.

एक पथ्य मात्र कडक पाळा : ईईप्रॉमवर प्रत्येक स्ट्रोकला लिहू नका. एका जागी १,००,००० वेळा लिहिता येईल एवढीच चिप बनवणाऱ्या कंपनीची हमी आहे. मिनिटाला ३० स्ट्रोक धरले तर हा आकडा साडेपंचावन्न तासांत संपतो, म्हणजे तिसऱ्याच दिवशी. चालू आकडा रॅममध्ये ठेवा, शिफ्ट संपली की लिहा आणि वीज जाताना एकदा लिहा. एक बाइट लिहायला सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात, चार बाइटना चौदाच्या आत. वीज गेल्यावर एवढा वेळ मिळावा म्हणून पुरवठ्यावर डायोड घालून त्याच्या अलीकडे व्होल्टता तपासा आणि पलीकडे कपॅसिटर ठेवा. लिनिअर रेग्युलेटरवरचा ५० मिलिअँपिअर घेणारा बोर्ड २० मिलिसेकंद तगवायचा, व्होल्टता २४ वरून ८ पर्यंत उतरू द्यायची, तर सुमारे ६३ मायक्रोफॅरड पुरतात. २२० चा टाकला की निश्चिंत.

पायरी ४ : डिस्प्लेचे पूर्ण चित्र साठवू नका

काउंटरवर आकडा आणि दोन-तीन शब्द दाखवायचे असतात. त्यासाठी सबंध पडद्याचे चित्र रॅममध्ये नको. यू८जी२ या लायब्ररीत पानापानाने रंगवण्याची पद्धत आहे. पडद्याच्या आठ पट्ट्या पडतात, एका वेळी एकच पट्टी तयार होते आणि १,०२४ ऐवजी १२८ बाइटमध्ये काम भागते. नुसती अक्षरे दाखवायची असतील तर चित्र अजिबात न साठवणाऱ्या लायब्ररीही आहेत.

इथे एक मेख आहे. तेच चित्र आठ वेळा रंगवले जात असते आणि मधेच प्रेसचा स्ट्रोक पडला तर वरच्या पट्टीत १२९९ आणि खालच्या पट्टीत १३०० असा फाटलेला आकडा दिसतो. म्हणून रंगवायला सुरुवात करण्यापूर्वी आकड्याची एक प्रत घ्या आणि आठही वेळा तीच दाखवा. प्रत घेताना क्षणभर इंटरप्ट बंद करा. ही आठ बिटांची चिप चार बाइटचा आकडा एका दमात वाचू शकत नाही.

पायरी ५ : मराठी संदेश चित्ररूपात, फ्लॅशमध्ये

ऑपरेटरला पडद्यावर मराठी वाचता यावे हा आग्रह धराच. पण त्यासाठी पूर्ण देवनागरी फॉन्ट आणि जोडाक्षरे जुळवणारे कोड या चिपवर चढवू नका. 'चालू', 'बंद', 'सेन्सर तपासा', 'शिफ्ट पूर्ण' असे दहा-बारा संदेशच लागतात. प्रत्येकाचे संगणकावर चित्र तयार करा आणि तेच फ्लॅशमध्ये ठेवा. ६४ गुणिले १६ ठिपक्यांचे एक चित्र १२८ बाइटचे होते. दहा चित्रांना १,२८० बाइट फ्लॅश लागते आणि रॅम शून्य. जोडाक्षर, वेलांटी, रफार सगळे तुम्ही काढाल तसेच शुद्ध दिसते.

पायरी ६ : न बदलणारे सगळे फ्लॅशमध्ये हलवा

एव्हीआर चिपमध्ये प्रोग्रॅमची आणि माहितीची वाट वेगळी आहे. त्यामुळे कोडमध्ये अवतरणात लिहिलेला प्रत्येक संदेश, तो कधीही बदलणार नसला तरी, सुरुवातीलाच रॅममध्ये उतरतो. 'स्थिर' असे जाहीर केलेल्या तक्त्यांचेही तेच. देवनागरी मजकूर तर आणखी महाग, कारण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना आणि मात्राही वेगळी चिन्हे धरली जातात. 'सेन्सर तपासा' एवढा मजकूर शेवटच्या शून्यासकट ३५ बाइट घेतो.

उपाय दोन. छापायच्या संदेशांभोवती आर्डुइनोचा 'एफ' मॅक्रो लावा. तक्त्यांना 'प्रोगमेम' ही खूण लावा आणि वाचताना फ्लॅशमधून वाचणारे फंक्शन वापरा. नुसती खूण लावून नेहमीसारखे वाचले तर चुकीची माहिती मिळते.

मॉडबसचा सीआरसी, म्हणजे संदेश बिनचूक आला का ते तपासणारा आकडा, काढण्याचा तयार तक्ता हा यातला मोठा चोर. २५६ आकडे, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ५१२ बाइट, पाव रॅम. तो फ्लॅशमध्ये टाका किंवा काढूनच टाका. ९,६०० बॉड वेगावर एक अक्षर यायला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सीआरसी बिट-बिट मोजायला या चिपला भरपूर सवड असते.

पायरी ७ : बफर कामापुरते ठेवा

मॉडबसची चौकट, म्हणजे एक पूर्ण संदेश, जास्तीत जास्त २५६ बाइटची असू शकते, म्हणून तयार कोडमध्ये तेवढा बफर ठेवलेला असतो. आपल्या काउंटरला १० रजिस्टर आहेत. वाचण्याची विनंती ८ बाइटची, तिचे उत्तर ५ अधिक २० म्हणजे २५ बाइटचे, दहाही रजिस्टर एकदम लिहिण्याची विनंती २९ बाइटची. ३२ चा बफर पुरतो. फक्त एक काळजी घ्या : त्याच वायरवर दुसऱ्या यंत्रांच्या लांब चौकटीही ऐकू येतात. बफर भरल्यावर पुढची अक्षरे टाकून द्या आणि वायर शांत होईपर्यंत थांबा. हे तपासले नाही तर शेजारच्या यंत्राची चौकट तुमची रॅम खराब करील.

सिरियल पोर्टचे बफरही कंपायलरला सांगून ६४ वरून ३२ वर आणता येतात.

पायरी ८ : माहितीचे माप बेताचे घ्या

मिनिटाला ३० च्या वेगाने आठ तासांत १४,४०० स्ट्रोक होतात. दोन बाइटचा बिनचिन्ह आकडा ६५,५३५ पर्यंत जातो. शिफ्टच्या मोजणीला तो पुरतो, आयुष्यभराच्या एकूण मोजणीला चार बाइट हवेत. वेगवान प्रेस असेल तर हे गणित पुन्हा करा. हो-नाही स्वरूपाच्या आठ गोष्टी एका बाइटच्या आठ बिटांत ठेवा.

दशांश आकडे टाळा. या चिपमध्ये त्यांचे गणित करणारे हार्डवेअर नाही, म्हणून कंपायलर त्यासाठी वेगळे कोड जोडतो. तापमान ३६.५ अंश ठेवण्याऐवजी ३६५ ठेवा आणि दाखवताना टिंब द्या. 'स्प्रिंटएफ'ने दशांश आकडा छापू गेलात तर आर्डुइनोवर नुसते प्रश्नचिन्ह उमटते, कारण तो भाग जागा वाचवण्यासाठी आधीच वगळलेला आहे. तो जोडून घेण्यापेक्षा पूर्णांकाची सवय लावा.

पायरी ९ : चालू प्रोग्रॅममध्ये जागा मागू नका

आर्डुइनोचा 'स्ट्रिंग' प्रकार सोयीचा आहे, पण मजकूर जोडताना तो सारखी हीपमधून जागा घेतो आणि सोडतो. काही तासांनी हीपमध्ये लहान-लहान रिकाम्या फटी पडतात. एकूण जागा असूनही सलग जागा मिळत नाही. सकाळी ठणठणीत असलेला बोर्ड दुपारी बिघडतो तो पुष्कळदा यामुळे. ठरावीक लांबीचे अक्षरांचे अ‍ॅरे वापरा आणि लागणारी सगळी जागा सुरुवातीलाच घ्या.

ज्याच्या वाढीला मर्यादा घातलेली नाही अशी कोणतीही यादी ठेवू नका. २००४ च्या जानेवारीत नासाचा स्पिरिट रोव्हर मंगळावर पुन्हा-पुन्हा रीसेट होऊ लागला. फ्लॅशमध्ये साचलेल्या फाइलींची माहिती रॅममध्ये मावेनाशी झाली होती. जुन्या फाइली पुसल्यावर तो पूर्ववत झाला.

पायरी १० : फ्लॅश मोकळी करा

जागा वाचवणारे ऑप्टिमायझेशन, न वापरलेली फंक्शने वगळणे आणि सगळ्या फाइलींचा एकत्र विचार करून जोडणी करणे, हे तीन पर्याय आर्डुइनोच्या एव्हीआर बोर्डांसाठी आधीच चालू असतात. स्वतःची मेकफाइल लिहिणाऱ्यांनी ते आठवणीने घालावेत.

जुन्या नॅनोवरचा बूटलोडर, म्हणजे संगणकाकडून प्रोग्रॅम उतरवून घेणारे छोटे कोड, २ किलोबाइट अडवतो आणि प्रोग्रॅमला ३०,७२० बाइट उरतात. त्याजागी ५१२ बाइटचा ऑप्टिबूट घातला तर ३२,२५६ मिळतात. १,५३६ बाइटचा हा फायदा कोडची एक ओळही न बदलता होतो. शिवाय अडकलेला प्रोग्रॅम सोडवणारा वॉचडॉग जुन्या बूटलोडरवर नीट चालत नाही, बोर्ड रीसेटच्या फेऱ्यात सापडतो. ऑप्टिबूटवर तो चालतो आणि शेडमधल्या यंत्राला तो हवाच.

पायरी ११ : स्टॅक रंगवून पाहा

आता मोठ्या खर्चांची बेरीज पुन्हा करा : डिस्प्ले १२८, सिरियल ६४, वायर १६०, एकूण ३५२. उरले १,६९६ बाइट. बाकीच्या चलांना आणि स्टॅकला आता ऐसपैस जागा आहे. तरी कागदावर विसंबू नका. बोर्ड सुरू होताच मोकळी रॅम एकाच ठरावीक आकड्याने भरून टाका. काही तासांनी किती बाइट अजून तसेच आहेत ते मोजा. जिथवर तो आकडा पुसला गेला तिथवर स्टॅक पोचला होता. हा उरलेल्या बाइटांचा आकडा दहापैकी एका मॉडबस रजिस्टरमध्ये ठेवा, म्हणजे पॅनेलवरून केव्हाही पाहता येईल.

चाचणी सोपी ठेवू नका. प्रेस पूर्ण वेगात, पॅनेलकडून सतत विनंत्या, पडदा बदलतोय, नोंद लिहिली जातेय, मधेच वीज जातेय, हे सगळे एकाच वेळी घडवा आणि पूर्ण शिफ्ट चालवा. सगळ्यात वाईट क्षणीही किमान ५१२ बाइट, म्हणजे पाव रॅम, न वापरलेली राहिली पाहिजे. तेवढी राहत नसेल तर फंक्शनांमधले मोठे स्थानिक अ‍ॅरे शोधा आणि स्वतःलाच बोलावणारी फंक्शने काढून टाका.

या तपासणीचे मोल वाहन उद्योगाच्या शहराला वेगळे सांगायला नको. २०१३ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात टोयोटा कॅमरीच्या अपघाताचा खटला चालला. कंपनीने इंजिन नियंत्रकातला स्टॅकचा वापर ४१ टक्के धरला होता, प्रत्यक्षात तो ९४ टक्क्यांच्या आसपास जातो, अशी जबानी तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांनी दिली. अंदाज आणि मोजमाप यांत एवढे अंतर पडू शकते.

दुसरी चिप असेल तर

एसटीएम३२एफ१०३सी८ सारख्या आर्म चिपवर ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम असते. तिथे स्थिर तक्ते आपोआप फ्लॅशमध्ये राहतात, पायरी ६ ची खटपट लागत नाही. मात्र स्ट्रक्चरमधल्या क्रमाला महत्त्व येते : १ बाइट, ४ बाइट, १ बाइट असा क्रम ठेवला तर १२ बाइट जातात, ४ बाइटचे चल आधी घेतले तर ८. सी भाषेची लायब्ररी न्यूलिब-नॅनो निवडा. एकाच वेळी अनेक टास्क चालवणारी फ्रीआरटॉस प्रणाली वापरत असाल तर प्रत्येक टास्कला वेगळा स्टॅक लागतो. कमीत कमी किती उरला ते सांगणारे फंक्शन त्यात तयार आहे, ते वापरा. बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात.

शेवटचे तीन नियम

एका वेळी एकच बदल करा आणि लगेच मोजा. दहा बदल एकदम केले तर कोणत्याने फायदा झाला आणि कोणत्याने बिघाड, हे कळत नाही.

वॉचडॉग, चौकटीची तपासणी, सीआरसी, वीज जातानाची नोंद यांतले काहीही जागा वाचवण्यासाठी काढू नका. मेमरी वाचवायची ती हे सगळे नीट चालावे म्हणून.

बोर्ड ग्राहकाला देताना त्याच्यासोबत एक पान द्या : फ्लॅश किती वापरली, रॅम किती, पूर्ण शिफ्टच्या चाचणीत कमीत कमी किती बाइट मोकळे राहिले. आपल्या कॉलेजांमध्ये प्रोजेक्ट तपासताना शिक्षकांनीही हे पान मागावे. 'चालतंय का?' याच्या जोडीला 'किती जागा उरली?' हा प्रश्न विचारला गेला, तर प्रयोगशाळेत बनलेला काउंटर वाळूजच्या प्रेसवर वर्षानुवर्षे चालेल.